छायाचित्र स्पर्धांमधील अनुज्ञेय संपादन

छायाचित्र स्पर्धांमधील अनुज्ञेय संपादन म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रावर, ते स्पर्धेसाठी पाठवण्यापूर्वी, आयोजकांच्या नियमांच्या मर्यादेत करता येणारे फेरफार होत. चौकट कापणे, उजेड व रंगछटा सुधारणे, सेन्सरवरील धुळीचे डाग पुसणे आणि संपूर्ण चित्र कृष्णधवल करणे यांना बहुतेक स्पर्धांत परवानगी असते. दृश्यात नसलेली वस्तू चित्रात घालणे, असलेली काढून टाकणे किंवा तिची जागा बदलणे या गोष्टी निसर्ग व वृत्त या विभागांत निषिद्ध मानल्या जातात. खुल्या किंवा सर्जनशील विभागात मात्र यांपैकी अनेक गोष्टी चालतात. एकच फेरफार एका विभागात मान्य आणि दुसऱ्या विभागात अपात्रतेचे कारण ठरू शकतो, कारण प्रत्येक विभाग पाहणाऱ्याला वेगळी हमी देत असतो. ही हमी ओळखणे नवोदित स्पर्धकाला संगणकप्रणालीतील साधने शिकण्याइतकेच आवश्यक असते.

## पार्श्वभूमी

छायाचित्रातील फेरफार हे संगणकयुगाचे अपत्य नव्हे. ऑस्कर रेलँडर यांनी १८५७ मध्ये तिसाहून अधिक निगेटिव्ह जोडून 'द टू वेज ऑफ लाइफ' हे रूपकात्मक चित्र तयार केले. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन यांनी पाच निगेटिव्हांतून 'फेडिंग अवे' हे मृत्यूशय्येवरील तरुणीचे चित्र साकारले. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे यांनी समुद्र आणि आकाश वेगवेगळ्या निगेटिव्हांवरून एकत्र छापले, कारण त्या काळच्या रसायनांना दोन्हींचा उजेड एकाच वेळी पेलत नसे.

मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ मध्ये झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी होते. पुढील काळात महाराष्ट्रातील स्टुडिओंमध्ये निगेटिव्हवर पेन्सिलीने चेहऱ्यावरील डाग झाकणे, म्हणजेच रिटचिंग, आणि कृष्णधवल चित्रावर हाताने रंग भरणे हे धंद्याचे नित्याचे भाग झाले. अंधारखोलीत कागदाच्या एखाद्या भागावर प्रकाश कमी पडू देऊन तो उजळ करणे याला डॉजिंग, तर अधिक प्रकाश देऊन तो गडद करणे याला बर्निंग म्हणत. आजच्या संगणकप्रणालींत ही नावे तशीच टिकून आहेत.

स्पर्धांचे नियम घडवण्यात छायाचित्रण संस्थांचा वाटा मोठा आहे. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका, संक्षेपाने पीएसए, १९३४ मध्ये, मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया १९३७ मध्ये आणि फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी १९५३ मध्ये स्थापन झाली. छायाचित्रण कलेच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे, अर्थात फियापचे, पहिले अधिवेशन १९५० मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे भरले. भारतातील अनेक स्पर्धा फियाप किंवा पीएसए यांच्या मान्यतेने भरत असल्याने त्यांच्या व्याख्या ठाण्या-मुंबईतील स्पर्धकांनाही लागू होतात.

१९९० मध्ये फोटोशॉप ही प्रणाली बाजारात आली आणि अंधारखोलीत दिवस खाणारी कामे काही मिनिटांवर आली. त्यापूर्वीच, १९८२ साली, नॅशनल जिऑग्राफिक मासिकाने मुखपृष्ठाच्या उभ्या चौकटीत बसवण्यासाठी इजिप्तमधील पिरॅमिड संगणकाच्या साहाय्याने एकमेकांजवळ सरकवले होते आणि त्यावरून मोठा वाद झाला होता. 'सुधारणा' कोठे संपते आणि 'बदल' कोठे सुरू होतो, हा प्रश्न तेव्हापासून स्पर्धांच्या नियमावलींत केंद्रस्थानी आला.

## सर्वसाधारणपणे मान्य फेरफार

पुढील फेरफार प्रमाणात केल्यास बहुतेक स्पर्धांच्या बहुतेक विभागांत स्वीकारले जातात.

चौकट कापणे. यालाच क्रॉप करणे म्हणतात. चौकटीच्या कडेचा अनावश्यक भाग वगळणे हे छायाचित्र घेताना दोन पावले पुढे जाण्यासारखे मानले जाते. कापल्यानंतर उरलेल्या चित्राचा आकार स्पर्धेने मागितलेल्या किमान पिक्सेलसंख्येइतका असावा लागतो. ६,००० × ४,००० पिक्सेलच्या चित्राची लांबी व रुंदी निम्म्यावर आणल्यास २ कोटी ४० लाखांपैकी केवळ ६० लाख पिक्सेल शिल्लक राहतात.

क्षितिज सरळ करणे. कललेले क्षितिज किंवा पाण्याची रेषा समपातळीत आणण्यासाठी चित्र किंचित फिरवता येते. इमारतींच्या छायाचित्रांत, कॅमेरा वर रोखल्याने आत झुकलेल्या भिंती उभ्या करणे हीदेखील दुरुस्तीच समजली जाते. अंबरनाथ येथील शके ९८२ मधील शिवमंदिराचे चित्र घेताना अशी दुरुस्ती उपयोगी पडते. मात्र ती इतकी ताणू नये की मंदिराची मूळ प्रमाणे बदलतील.

उजेड आणि कॉन्ट्रास्ट. संपूर्ण चित्र उजळ किंवा गडद करणे, सावलीतील तपशील वर काढणे, ढगांचा झगझगीतपणा कमी करणे यांना परवानगी असते. हिस्टोग्राम हा आलेख चित्रातील काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे वितरण दाखवतो. आलेख उजव्या कडेला आदळला असेल तर त्या भागातील तपशील नोंदलाच गेलेला नसतो आणि संपादनाने तो परत आणता येत नाही.

व्हाइट बॅलन्स. प्रकाशाच्या रंगामुळे चित्रावर आलेली पिवळी किंवा निळी झाक काढून पांढरी वस्तू पांढरी दिसेल असे करणे म्हणजे व्हाइट बॅलन्सची दुरुस्ती. दुपारचे दृश्य सूर्यास्ताचे भासावे म्हणून तेच साधन वापरल्यास ती दुरुस्ती राहत नाही.

रंगांची तीव्रता. सॅच्युरेशन थोडे वाढवणे मान्य असते. रंगाची जातच बदलणे, उदाहरणार्थ पिवळट गवत हिरवे करणे, वृत्त व निसर्ग विभागांत मान्य नसते.

धूळ, ओरखडे व नॉइज काढणे. सेन्सरवरील धुळीचा डाग हा दृश्याचा भाग नसून कॅमेऱ्याने घातलेली भर आहे. तो पुसल्याने दृश्यातील काहीही नाहीसे होत नाही. फिल्मवरचे ओरखडे आणि अंधुक प्रकाशात येणारा नॉइज म्हणजे दाणेदारपणा यांनाही हेच तत्त्व लागू होते.

शार्पनिंग. कडा किंचित ठळक करणे मान्य आहे. अतिरेक झाल्यास कडांभोवती पांढरी रेघ उमटते आणि परीक्षकांच्या ती लगेच लक्षात येते.

कृष्णधवल रूपांतर. संपूर्ण चित्र कृष्णधवल करता येते. एकरंगी विभागात पूर्ण चित्राला एकाच रंगाची झाक देता येते. परंतु कृष्णधवल चित्रातील फक्त छत्री लाल ठेवली, तर फियापच्या व्याख्येप्रमाणे ते चित्र रंगीत विभागात मोडते.

## निषिद्ध फेरफार

निसर्ग, वन्यजीवन, वृत्त आणि प्रवास या विभागांत पुढील गोष्टी सहसा अपात्रतेस कारणीभूत होतात:

* क्लोन किंवा तत्सम साधनाने दृश्यातील वस्तू पुसणे, मग ती वीजवाहिनी असो, प्लॅस्टिकची पिशवी असो किंवा कोपऱ्यात आलेला हात;
* पक्षी, चंद्र, ढग किंवा माणूस बाहेरून आणून बसवणे, किंवा त्याच चित्रातील पक्ष्याची नक्कल करून थवा मोठा करणे;
* आकाश बदलणे;
* पार्श्वभूमी इतकी काळी किंवा पांढरी करणे की तेथे असलेली वस्तू दिसेनाशी होईल;
* पार्श्वभूमी संगणकाने धूसर करणे;
* चित्र उभ्या अक्षावर उलटवून डावे-उजवे बदलणे. अनेक वृत्त स्पर्धांत यास मनाई असते, कारण त्यामुळे फलकावरील अक्षरे व दिशा खोट्या ठरतात.

यांपैकी चौथा मुद्दा नवोदितांच्या लक्षात येत नाही. तेथे क्लोनचा वापर झालेला नसतो, केवळ गडदपणाची पट्टी ओढलेली असते. परंतु पुसण्याचे साधन कोणते, यापेक्षा काय पुसले गेले याला परीक्षक महत्त्व देतात.

## विभागानुसार फरक

| फेरफार | निसर्ग | वृत्त | खुला / सर्जनशील |
|---|---|---|---|
| चौकट कापणे | मान्य | मान्य | मान्य |
| सेन्सरवरील धूळ पुसणे | मान्य | मान्य | मान्य |
| उजेड व कॉन्ट्रास्ट यांत माफक बदल | मान्य | मान्य | मान्य |
| पूर्ण कृष्णधवल रूपांतर | बहुधा मान्य | बहुधा मान्य | मान्य |
| वेगवेगळ्या फोकसच्या चित्रांचे एकत्रीकरण | बहुधा मान्य | नियम पाहावा | मान्य |
| दृश्यातील वस्तू काढणे | निषिद्ध | निषिद्ध | बहुधा मान्य |
| दुसऱ्या चित्रातील आकाश | निषिद्ध | निषिद्ध | स्वतःचे असल्यास बहुधा मान्य |

फियाप, पीएसए आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी निसर्ग छायाचित्रणाची सामायिक व्याख्या स्वीकारली असून ती २०१५ च्या आरंभापासून लागू झाली. या व्याख्येनुसार निसर्गकथा बदलेल असा कोणताही फेरफार करता येत नाही आणि केलेले फेरफार नैसर्गिक दिसले पाहिजेत. मानवनिर्मित वस्तू चित्रात असू नयेत, असा सामान्य दंडक आहे. गव्हाणी घुबड किंवा करकोचा यांच्यासारखे प्राणी मानवी वास्तूंशी जुळवून घेऊन राहतात, तेथे ती वास्तू निसर्गकथेचा भाग मानून सूट दिली जाते. अनेक चित्रे शेजारी-शेजारी जोडून केलेल्या विस्तृत चित्रांबाबतचे नियम मात्र काळाच्या ओघात बदलत आले आहेत; त्यामुळे जुनी नियमावली प्रमाण न मानता त्या वर्षीची पाहावी लागते.

सर्जनशील विभागात स्वातंत्र्य अधिक असले तरी ते अमर्याद नाही. मान्यताप्राप्त स्पर्धांत चित्रातील प्रत्येक घटक स्पर्धकाने स्वतः टिपलेला असावा लागतो. महाजालावरून उतरवून घेतलेला चंद्र किंवा प्रणालीसोबत तयार मिळणारे आकाश वापरल्यास चित्र या विभागातही अपात्र होते.

## ठाणे खाडी परिसराचे उदाहरण

ठाणे खाडीच्या पूर्व तीरावरील कळवा आणि त्याच्या दक्षिणेचा ऐरोलीपर्यंतचा पट्टा या नियमांचा प्रत्यक्ष अर्थ समजून घेण्यास उपयुक्त आहे. एका बाजूस खाडी, दुसऱ्या बाजूस पारसिकचा डोंगर, काठाने तिवरांची झाडी, वरून रेल्वे व रस्त्यांचे पूल आणि कळव्यातील ४०० किलोव्होल्ट उपकेंद्रामुळे परिसरात पसरलेल्या अतिउच्च दाबाच्या वीजवाहिन्या असे या भागाचे स्वरूप आहे. ऐरोली पूल ते वाशी पूल या दरम्यान खाडीच्या पश्चिमेकडील भागात २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर असून त्यातील निम्म्याहून थोडे अधिक कांदळवनाचे आहे. २०२२ मध्ये त्याचा समावेश रामसर स्थळांच्या यादीत झाला. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत येथे रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, मोठे थवे असतात आणि छायाचित्रकारांचीही ये-जा असते.

या भागात टिपलेल्या चित्राची नेहमीची अडचण म्हणजे थव्यामागे आलेला वीजवाहिनीचा मनोरा. निसर्ग विभागाच्या नियमांपुढे हा दुहेरी पेच ठरतो. मनोरा ठेवल्यास मानवनिर्मित वस्तूमुळे चित्र मागे पडू शकते. मनोरा पुसल्यास ते निश्चितच अपात्र होते. यातून वाट काढण्याचे तीन प्रामाणिक मार्ग आहेत. मनोरा कडेला असेल तर चौकट कापून तो वगळता येतो. चित्र अद्याप घ्यायचे असेल तर जागा किंवा भिंगाचा कोन बदलून, भरती-ओहोटीची वेळ पाहून, पार्श्वभूमीला तिवरे किंवा पाणी येईल असे उभे राहता येते. मनोरा मध्यभागी असून टाळता येत नसेल, तर तेच चित्र पर्यावरण, वृत्त किंवा खुल्या विभागात पाठवता येते. तेथे पक्षी आणि वीजवाहिन्या यांचे सान्निध्य हाच चित्राचा विषय ठरतो. एखादी घार मनोऱ्यावरच बसलेली किंवा घरटे करून राहिलेली असेल, तर मानवी वास्तूशी जुळवून घेण्याच्या सवलतीखाली असे चित्र निसर्ग विभागातही विचारात घेतले जाऊ शकते. निर्णय परीक्षकांचा असतो.

तिवरांच्या मुळांत अडकलेल्या प्लॅस्टिकबाबतही हेच म्हणता येते. बगळ्याच्या पायाशी असलेली पिशवी पुसली की चित्र देखणे होते, पण खाडीची त्या दिवसाची नोंद खोटी होते. पाणथळ जागांची छायाचित्रे संवर्धनाच्या कामात पुरावा म्हणून वापरली जातात. अशा चित्रातून मनोरे, भराव किंवा कचरा नाहीसा केल्यास अधिवासावरील ताणच दृष्टिआड होतो. निसर्ग विभागातील बंदीमागे हे व्यावहारिक कारण आहे.

प्रकाशाच्या बाबतीत, कळव्याच्या बाजूने खाडीकडे पाहताना सकाळी सूर्य पाठीमागे असतो, त्यामुळे पक्ष्यांचे रंग खरे उमटतात आणि संपादनाची गरज कमी राहते. सायंकाळी सूर्य समोर येतो व पक्ष्यांच्या काळ्या आकृती दिसतात. अशा चित्रातील सावल्या जबरदस्तीने उजळून पिसांचा गुलाबी रंग 'काढण्याचा' प्रयत्न केल्यास नॉइज वाढतो आणि चित्र कृत्रिम दिसते. रोहित पक्ष्यांच्या गुलाबी रंगाची गडद-फिकी छटा जात, वय व आहार यांवर अवलंबून असते. मोठा रोहित पक्षी बराचसा पांढराच असतो. त्याला सॅच्युरेशनच्या साहाय्याने गडद गुलाबी केल्यास पक्ष्याची ओळखच चुकीची होण्याचा संभव असतो.

## मूळ फाइल व पडताळणी

अंतिम फेरीत पोहोचलेल्या स्पर्धकांकडून मूळ फाइल मागवण्याची पद्धत आहे. रॉ फाइल ही सेन्सरने नोंदलेली कच्ची माहिती असते. तीत प्रत्येक रंगाच्या छटांच्या साधारणपणे ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्या असतात, तर जेपेग चित्रात २५६. यामुळे रॉ फाइलवर केलेले उजेडाचे फेरफार चित्राला कमी इजा करतात. रॉ फाइलवर काम करताना प्रणाली मूळ माहिती न बदलता सूचनांची स्वतंत्र नोंद ठेवते, त्यामुळे ही फाइल पुरावा म्हणूनही उपयोगी पडते. चित्राची तारीख, कॅमेरा, शटरचा वेग यांची नोंद एक्झिफ माहितीत असते. ही माहिती पुसलेली फाइल अनेक स्पर्धा स्वीकारत नाहीत.

भ्रमणध्वनीवर घेतलेल्या चित्रांबाबत विशेष दक्षता लागते. अनेक फोन एका स्पर्शात अनेक चित्रे घेऊन ती एकत्र करतात, आकाश आपोआप गडद निळे करतात आणि पोर्ट्रेट पद्धतीत पार्श्वभूमी संगणकीय रीतीने धूसर करतात. हे फेरफार स्पर्धकाने जाणूनबुजून केलेले नसले तरी चित्रात उतरलेले असतात. फोनमध्ये रॉ पद्धतीची सोय असल्यास ती वापरणे, आणि सौंदर्य, पोर्ट्रेट किंवा आपोआप दृश्य सुधारण्याच्या सोयी बंद ठेवणे इष्ट ठरते. संदेशवहनाच्या उपयोजनांतून चित्र पाठवल्यास ते आकुंचित होते आणि एक्झिफ माहितीही निघून जाऊ शकते, म्हणून मूळ फाइल वेगळी जपावी लागते.

## उल्लेखनीय प्रकरणे

२०१०. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत क्रीडा विभागातील तृतीय पारितोषिक स्टेपान रुदिक यांच्याकडून काढून घेण्यात आले. त्यांनी मूळ रंगीत चित्र मोठ्या प्रमाणात कापले होते, कृष्णधवल केले होते आणि त्याला दाणेदार रूप दिले होते. अपात्रता मात्र या फेरफारांमुळे झाली नाही. हाताच्या मागे दिसणारा पायाचा लहानसा भाग पुसल्यामुळे झाली. बदलाचा आकार नव्हे, तर प्रकार निर्णायक असतो, हे दाखवण्यासाठी या प्रकरणाचा दाखला अनेकदा दिला जातो.

२०१०. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत आदल्या वर्षी सर्वोच्च ठरलेले लांडग्याचे चित्र अपात्र ठरवण्यात आले. तो लांडगा वन्य नसून माणसाळलेला असावा, असा परीक्षकांचा निष्कर्ष होता. छायाचित्रकाराने तो नाकारला. येथे संपादनाचा प्रश्नच नव्हता. निसर्ग विभागाची हमी संगणकापुरती मर्यादित नसून प्रत्यक्ष दृश्यालाही लागू होते, हे यातून स्पष्ट झाले.

२०१३. गाझातील अंत्ययात्रेच्या पॉल हॅन्सन यांच्या पारितोषिकप्राप्त चित्रावर ते अनेक चित्रे जोडून केल्याचा आरोप झाला. वर्ल्ड प्रेस फोटोने तज्ज्ञांकरवी रॉ फाइल तपासली. चित्राच्या छटांवर संस्करण झालेले असले तरी ते जोडचित्र नाही, असा निर्वाळा तज्ज्ञांनी दिला. मूळ फाइल ही आरोपीइतकीच निर्दोषाचीही साक्षीदार असते.

२०१५. वर्ल्ड प्रेस फोटोच्या उपान्त्य फेरीत पोहोचलेल्या चित्रांपैकी सुमारे २० टक्के चित्रे मूळ फाइलींशी तुलना केल्यानंतर बाद करण्यात आली. त्यानंतर या स्पर्धेने काय मान्य व काय अमान्य याचे सचित्र स्पष्टीकरण प्रसिद्ध केले.

## कृत्रिम बुद्धिमत्ता

२०२३ पासून संपादनप्रणालींत शब्दांत केलेल्या मागणीवरून चित्राचा भाग निर्माण करणारी साधने आली. अशा साधनाने चौकट वाढवणे किंवा रिकामी जागा भरणे हे बाहेरची वस्तू चित्रात घालण्यासारखेच समजले जाते, आणि फियाप व पीएसए यांच्या मान्यतेच्या स्पर्धांत असे घटक स्वीकारले जात नाहीत. नॉइज कमी करणे किंवा विषयाची कडा निवडणे यांसाठीही प्रणाली कृत्रिम बुद्धिमत्ता वापरतात. अशा वापराविषयी स्पर्धांची भूमिका एकसारखी नाही.

एप्रिल २०२३ मध्ये जर्मन कलावंत बोरिस एल्डागसेन यांनी सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये सर्जनशील गटातील पारितोषिक नाकारले. आपले चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने निर्माण केले असून असे चित्र आणि छायाचित्र यांची स्पर्धा एकत्र होऊ नये, अशी त्यांची भूमिका होती. जून २०२४ मध्ये उलट घडले. १८३९ अवॉर्ड्स या स्पर्धेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता विभागात माइल्स ॲस्ट्रे यांनी रोहित पक्ष्याचे खरे छायाचित्र पाठवले. त्यात पक्ष्याची मान व डोके दिसत नव्हते. परीक्षकांनी त्यास तिसरा क्रमांक दिला, लोकमताचे पारितोषिकही मिळाले आणि सत्य कळल्यावर ते अपात्र ठरले. अस्सल छायाचित्र अस्सल असल्यामुळेच बाद झाले, कारण त्या विभागाची अट वेगळी होती.

## नवोदितांसाठी कार्यक्रम

नवोदित स्पर्धकांना पुढील क्रम उपयोगी ठरतो:

# प्रथम स्पर्धेची चालू वर्षाची नियमावली वाचावी आणि आपले चित्र कोणत्या विभागात बसते हे संपादनापूर्वीच ठरवावे.
# मूळ फाइलची प्रत स्वतंत्र जागी ठेवून संपादन दुसऱ्या प्रतीवर करावे.
# क्षितिज, चौकट, व्हाइट बॅलन्स, उजेड, कॉन्ट्रास्ट, धूळ, नॉइज आणि शेवटी शार्पनिंग असा क्रम ठेवावा. शार्पनिंग आधी केल्यास धूळ व नॉइजही ठळक होतात.
# डाग पुसण्यापूर्वी तो सेन्सरवरचा आहे याची खात्री करावी. त्याच वेळच्या इतर चित्रांत डाग त्याच जागी असेल तर तो बहुधा धुळीचा असतो. नसेल तर तो दूरवरचा पक्षी असण्याचीही शक्यता असते.
# संपादित व मूळ चित्र शेजारी ठेवून पाहावे. मूळ चित्रातील प्रत्येक वस्तू, कापलेला भाग वगळता, संपादित चित्रात दिसली पाहिजे.
# फाइल एसआरजीबी रंगपद्धतीत, मागितलेल्या आकारात आणि बंदी असल्यास नाव किंवा चिन्ह न घालता जतन करावी.
# केलेल्या फेरफारांची थोडक्यात नोंद ठेवावी. आयोजकांनी विचारल्यास ती देता येते.

खर्चाच्या दृष्टीने पाहता यासाठी महागड्या प्रणालीची आवश्यकता नसते. गिम्प, डार्कटेबल व रॉथेरपी या मुक्त प्रणाली विनामूल्य उपलब्ध असून वरील सर्व फेरफार त्यांत करता येतात.

## मतभेद

'माफक', 'नैसर्गिक' व 'अतिरेकी' या शब्दांचे मोजमाप कोणत्याही नियमावलीत दिलेले नसते, त्यामुळे छटांच्या फेरफारांबाबत परीक्षकांत मतभेद होतात. डोळ्यांना रंगीत दिसणारे जग कृष्णधवल दाखवणे मान्य आणि एक तार पुसणे अमान्य, यात विसंगती असल्याचे काही छायाचित्रकार म्हणतात. यावरचे नेहमीचे उत्तर असे की कृष्णधवल चित्र पाहणाऱ्याला रंग काढल्याचे उघड दिसते. पुसलेली तार त्याला दिसू शकत नाही. चौकट कापूनही महत्त्वाचा संदर्भ दडवता येतो, हा आक्षेपही घेतला जातो, आणि म्हणूनच वृत्त विभागात चित्रासोबतची ओळ अचूक असावी असा आग्रह धरला जातो.

चित्र केव्हा टिपले गेले आणि त्यावर कोणते फेरफार झाले याची नोंद फाइलमध्येच सुरक्षित ठेवण्यासाठी कॅमेरा व प्रणाली उत्पादकांनी २०२१ पासून समान मानक विकसित करण्याचे काम सुरू केले आहे. विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहातही संपादित चित्राच्या पानावर फेरफाराची सूचना लावण्यासाठी साचा उपलब्ध आहे. दोन्ही उपायांचा रोख फेरफार थांबवण्यापेक्षा तो जाहीर करण्याकडे आहे.